कूळ धारचं, बोली सातपुड्याची : जनगणनेच्या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

सोनागिरी (भोपाळ) : भेलच्या कारखान्याजवळच्या सोनागिरी, पिपलानी, इंद्रपुरी या वसाहतींत दोन अनोळखी माणसं भेटली की तिसरा प्रश्न ठरलेला असतो. नाव काय, काम काय आणि मग, “आप मूल कहाँ के?” उत्तर बहुतेक वेळा दोन टप्प्यांत येतं. आधी गावाचं नाव येतं : मुलताई, पांढुर्णा, सौसर, भैंसदेही. थोडी सलगी झाली की खरं उत्तर येतं, “तसे आम्ही धारचे. राजा भोजाच्या वंशातले.” त्याच घरात आजी मात्र नातवाला हाक मारते ती धारच्या बोलीत नाही आणि भोपाळच्या हिंदीतही नाही. ती बोलते सातपुड्याच्या पठारावरची बोली. कुणी तिला पवारी म्हणतं, कुणी भोयरी, तर कुणी “आमची मराठी” म्हणून मोकळं होतं.

एरवी हा घरगुती गमतीचा विषय राहिला असता, पण आता तो सरकारी तक्त्यात जाणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 30 एप्रिल 2025 रोजी येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय घेतला. 16 जून 2025 रोजी अधिसूचना निघाली आणि 1 मार्च 2027 ही देशाच्या बहुतांश भागासाठी गणनेची संदर्भ तारीख ठरली. जात विचारली जाईल, मातृभाषाही विचारली जाईल. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना, म्हणजे बैतूल, छिंदवाडा, पांढुर्णा, बालाघाट आणि इकडे अमरावती, नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, समाजाच्या बैठकांमधून एकच चर्चा ऐकू येते : काय लिहायचं? खरी अडचण अशी की मूळ, जात आणि भाषा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्हींचं उत्तर एकाच कथेतून द्यायला बघतात.

सीमा कुठून गेली?

सोनागिरीतली ही घरं समजून घ्यायची तर 1956 पासून सुरुवात करावी लागते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रांताचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बाकीचे हिंदी जिल्हे नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला आली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि भोपाळच्या पूर्वेला कारखाना उभा राहिला.

वाटणी करताना धरला तो जिल्हा, गाव नव्हे. त्यामुळे सौसर आणि मुलताईसारखे तालुके, जिथं शेतातली, बाजारातली आणि लग्नातली भाषा मराठी किंवा मराठीच्या जवळची होती, ते जिल्ह्याबरोबर हिंदी राज्यात राहिले. सोयरिक नागपूर-अमरावतीकडे, संत्र्याचा बाजार नागपूरकडे, पण शाळा हिंदी आणि सरकारी कागदही हिंदी. पोरगा शिकला की नोकरीसाठी भोपाळ गाठायचा. अशी दोन पिढ्यांत गावं सोनागिरीपर्यंत आली. पांढुर्णा 2023 च्या ऑक्टोबरमध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, पण भाषेचा प्रश्न जागचा हलला नाही.

बेळगाव-निपाणीकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. तिकडे 865 गावांचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, गाव हा घटक धरावा ही मागणी जुनी आहे आणि जनगणनेतला प्रत्येक आकडा तिथं पुरावा म्हणून वाचला जातो. इकडे तसा लढा कधी उभा राहिला नाही. म्हणून इकडच्या मराठी माणसाला आकड्याची किंमतही उशिरा कळते आहे.

धारची कथा किती खरी?

पवार समाजाचे या पट्ट्यात दोन मोठे गट आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यातले, म्हणजे बालाघाट, गोंदिया, भंडारा, सिवनीकडचे पोवार स्वतःला 36 कुळांचे म्हणतात. बैतूल, छिंदवाडा, वर्ध्याकडचे भोयर पवार 72 कुळांचे. दोघांची मूळकथा माळव्यातल्या धारानगरीत सुरू होते आणि दोघांचा मूळपुरुष परमार घराण्यातला आहे.

या कथेला कागदाचा आधार अजिबात नाही असं म्हणता येत नाही. परमारांची सत्ता विदर्भापर्यंत पोचली होती. नागपूरच्या संग्रहालयातला परमार नरवर्म्याच्या काळचा शिलालेख इसवी सन 1104-05 चा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावचा, परमार जगद्देवाचं नाव असलेला लेख त्यानंतर काही वर्षांतला. पण राजाचा शिलालेख सापडला म्हणजे हजारो शेतकरी कुटुंबं त्याच वेळी त्याच्या मागे चालत आली असं सिद्ध होत नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या मध्य प्रांतातील जातींवरच्या ग्रंथात वैनगंगेच्या पोवारांची हकीकत वेगळ्या काळातली आहे : आधी रामटेकजवळच्या नगरधनला वस्ती, मग नागपूरच्या भोसल्यांच्या कटक मोहिमेत कामगिरी आणि त्याबद्दल वैनगंगेकाठी मिळालेल्या जमिनी. म्हणजे बारावं शतक आणि अठरावं शतक यांत जवळपास सहाशे वर्षांचं अंतर. कथा ते अंतर एका वाक्यात ओलांडते.

भाषेचा पुरावा तर आणखी गुंता करतो. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीत बैतूल-छिंदवाड्याची भोयरी माळवीच्या घरात बसवली आहे. हे धारच्या कथेशी जुळतं. पण बालाघाट-भंडाऱ्याची पोवारी त्याने पूर्व हिंदीतल्या बघेलीच्या मिश्र बोलींमध्ये धरली. एकाच धारचे म्हणवणारे दोन समाज आणि दोघांच्या बोली वेगवेगळ्या दिशेला बोट दाखवतात. दोन्ही बोलींवर मराठीचा थर जाड आहे, कारण शेजार मराठी होता.

याचा अर्थ कथा खोटी असा होत नाही. माळव्यातून काही कुटुंबं नक्की आली असतील. भोयरी बोली त्याची साक्ष देते. पण ती एकदाच आली नाहीत आणि एकटी आली नाहीत. वाटेत थांबली, इथल्या माणसांत मिसळली, इथलं खाणं-पिणं, देव आणि शब्द घेतले. वंशावळीत हे दिसत नाही, कारण वंशावळ बापाकडून चालते. कूळ, आडनाव, मूळपुरुष सगळं बापाकडचं. बोली मात्र चुलीपाशी शिकली जाते. वंशावळीत जिचं नाव नाही त्या बाईने घरात जी भाषा ठेवली ती आज सोनागिरीतल्या आजीच्या तोंडी आहे.

आडनावांचंही तसंच. देशमुख, पाटील, पटेल ही मूळची हुद्द्यांची नावं. मुलताईकडचा देशमुख आणि लातूरचा देशमुख एका वंशाचे असायची काहीच गरज नाही. दोघांच्या पूर्वजांकडे एकच काम होतं, एवढंच.

आधी कोण होतं?

मूळ शोधायला निघालेल्यांना एक प्रश्न टाळता येत नाही. धारचे लोक आले तेव्हा पठार रिकामं होतं का? नव्हतं. तिथं गोंड होते, कोरकू होते. गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा, तेलुगूच्या नात्यातली. कोरकू मुंडा कुळातली, तिच्या बहिणी संथाळी आणि मुंडारी पार झारखंडकडे. मेळघाट, बैतूल, खंडव्याची कोरकू हे त्या कुळाचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. 2011 च्या जनगणनेत देशभर गोंडी बोलणारे सुमारे 29.8 लाख आणि कोरकू बोलणारे सुमारे 7.3 लाख होते. आणखी थोडं दक्षिणेला, बुलढाण्यातल्या जळगाव जामोदकडे निहाली बोलणारी काही हजार माणसं आहेत आणि त्या भाषेचं नातं अभ्यासकांना कुठल्याच भाषाकुळाशी ठामपणे जोडता आलेलं नाही. तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात चार वेगळ्या मुळांच्या भाषा!

सत्ताही आधी गोंडांची होती. छिंदवाड्याजवळच्या देवगडचं गोंड राज्य अकबराच्या काळी नोंदलेलं आहे. त्याच घराण्यातल्या बख्त बुलंद शहाने 1702 च्या सुमारास नागपूर वसवलं आणि बाहेरच्या शेतकऱ्यांना, कारागिरांना बोलावून जमिनी दिल्या. पुढे अठराव्या शतकात भोसल्यांचं राज्य आलं आणि त्याबरोबर मराठी कारभारी, शिपाई, कुणबी कुटुंबं. आज जे “मूळचे” म्हणवतात त्यांतल्या कित्येकांना जमीन गोंड राजाने दिली होती. गंमत अशी की राजे झाल्यावर गोंडांनाही रजपूत मूळपुरुष लागला. गढा-मंडल्याच्या घराण्याची जादूरायाची कथा त्यातलीच. प्रतिष्ठा मिळाली की मूळ लांबचं आणि राजाचं हवं असतं. ही खोड एका जातीची नाही.

मराठीचं मूळही याच वादात सापडतं. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराज बैतूलजवळच्या खेडल्याच्या जैत्रपाळ राजाचे गुरू होते, अशी एक परंपरा आहे. दुसरी परंपरा अंबाजोगाईची आणि तिसरी नागपूर-भंडाऱ्याच्या सीमेवरच्या अंभोऱ्याची. अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही. पण आज हिंदी राज्यात असलेलं खेडलं मराठीच्या आद्य कवीच्या चर्चेत येतं, यावरूनच इथं राज्याची रेघ किती नंतर ओढली गेली ते कळतं.

यादी मूळ बघत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे. “मूळ सिद्ध झालं की हक्क मिळेल,” असं अनेकांना वाटतं. कायदा असा चालत नाही. अनुसूचित जाती-जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते. त्यात जे नाव, ज्या राज्यासाठी आणि ज्या भागासाठी लिहिलं आहे, तेवढंच. नागपूरच्या हलबा-कोष्टी समाजाचा वाद ज्या निकालात गेला, त्या नोव्हेंबर 2000 च्या मिलिंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : यादी आहे तशी वाचायची, न्यायालयाने तिच्या मागे जाऊन नवी नावं आत घ्यायची नाहीत.

गोवारी समाजाने याची किंमत सगळ्यात जास्त मोजली. महाराष्ट्राच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असा शब्द आहे. हे एक नाव की दोन, एवढ्यावर पिढ्या गेल्या. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात विधिमंडळावर गेलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 गोवारी बांधव गेले. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मूळ काय यावर ग्रंथ, गॅझेटिअर, साक्षी सगळं झालं. शेवटी कायम राहिला तो यादीतला शब्द.

राज्याची रेघ ओलांडली की गोष्ट आणखी बदलते. मध्य प्रदेशातच बघा : धोबी समाज भोपाळ, रायसेन आणि सीहोर या तीन जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहे, बाकी राज्यात नाही. हे तीन जिल्हे म्हणजे जुनं भोपाळ राज्य. त्या राज्याची वेगळी यादी होती, ती तशीच पुढे चालत आली. म्हणजे सोनागिरीत शेजारी राहणारे, एकच काम करणारे दोघे, एक सीहोरचा आणि एक मुलताईचा, कायद्यासमोर वेगळे. मूळ, धंदा, देव सारखे असले तरी. दुसरीकडे मध्य प्रदेशच्या यादीत महार, मेहरा आणि मेहर ही तीन नावं एकाच ओळीत आहेत, मग बोली वेगळी असली तरी चालतं. आणि दुसऱ्या राज्यात राहायला गेलं म्हणून अनुसूचित दर्जा बरोबर जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1990 मध्येच स्पष्ट केलं आहे. सीमाभागात लग्न करून इकडून तिकडे गेलेल्या लेकीबाळींना दाखल्याच्या खिडकीवर हा नियम पहिल्यांदा कळतो.

म्हणून जातीच्या रकान्यात मूळकथा लिहून काही हाती लागणार नाही. इंग्रजांच्या 1901 च्या जनगणनेत जातींची सामाजिक उतरंड लावायचा प्रयत्न झाला तेव्हा देशभरातून अर्जांचा पाऊस पडला : आम्ही क्षत्रिय, आम्ही ब्राह्मण, आमचं मूळ अमुक राजाचं. आजच्या गणनेत उतरंड लावायची नाही, डोकी मोजायची आहेत. पण नावांचा गोंधळ झाला तर काय होतं ते 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेत दिसलं. 1931 च्या जनगणनेत 4,147 जाती होत्या. 2011 च्या त्या पाहणीत 46 लाखांहून जास्त नावं जमा झाली, असं केंद्राने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. कुणी जात लिहिली, कुणी पोटजात, कुणी कूळ, कुणी आडनाव. आकडे वापरताच आले नाहीत. पवार, पंवार, पोवार, भोयर, भोयर पवार अशी पाच नावं पाच घरांनी लिहिली तर समाज मोठा असूनही तक्त्यात तुकडे होऊन दिसेल.

भाषेच्या रकान्यात कूळ घुसतं

खरा तोटा मात्र भाषेच्या रकान्यात होतो. 2011 मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून 19,569 नावं सांगितली. छाननीनंतर 1,369 मातृभाषा उरल्या आणि त्या 121 भाषांखाली गटवल्या गेल्या. पवारी किंवा पोवारी ही हिंदीच्या गटात मोजली जाते. हिंदीचा आकडा 52.8 कोटी दिसतो, पण आपली मातृभाषा ‘हिंदी’ असंच सांगणारे त्यांत सुमारे 32 कोटी. उरलेले भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी, पवारी असं सांगणारे.

त्यातही पवारी सांगणारे 2001 मध्ये सव्वाचार लाख होते, 2011 मध्ये सव्वातीन लाख. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली, बोलणारे लाखाने घटले. कुठला दुष्काळ नाही, स्थलांतराची लाट नाही. एवढंच झालं की घरात पवारी आणि तक्त्यात हिंदी असं लिहिणारे वाढले, आणि पुढच्या पिढीत घरातही हिंदी आली. मध्य प्रदेशात मराठी सांगणारे 2011 मध्ये सुमारे 12 लाख, म्हणजे 1.7 टक्के. यातही भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेरची जुनी मराठी घरं आहेत आणि सीमेवरचे शेतकरीही.

इथं मूळकथा आडवी येते. “आपण धारचे, माळव्याचे, म्हणजे हिंदीवाले,” असं एक मत. “आपण नागपूरकडचे, म्हणजे मराठी,” असं दुसरं. दोन्ही मतं कूळ पाहून भाषा ठरवतात. जनगणना तसं विचारतच नाही. तिची व्याख्या साधी आहे : लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. आई लहानपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः बोलली गेलेली भाषा. घरातल्या प्रत्येकाची मातृभाषा वेगळी असू शकते आणि प्रगणकाने सांगितलेलंच लिहायचं असतं. शिवाय 2011 च्या तक्त्यात मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांसाठी जागा होती. म्हणजे पवारी लिहून मराठी आणि हिंदी दोन्ही सांगता येत होत्या. कुणाला सोडायची गरज नव्हती. किती घरांनी त्या दोन जागा भरून घेतल्या, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

हे फक्त अभिमानाचं नाही. राज्यघटनेच्या कलम 350 अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायची आहे. जुना ठरलेला निकष असा की शाळेत 40 किंवा वर्गात 10 मुलं त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यावा. जिल्ह्यात किंवा तालुक्यात 15 टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघाव्यात. हे टक्के जनगणनेतून येतात. सौसर, पांढुर्णा, मुलताई या तालुक्यांत मराठी सांगणारे कमी दिसले तर मागणीला पायाच उरत नाही. आणि मराठीचा आकडा फुगवायला पवारी किंवा कोरकू बोलणाऱ्याला मराठी लिहायला लावलं तर ती त्या भाषांची चोरी ठरेल. बेळगावात आपल्यावर जे होतं म्हणून आपण ओरडतो, ते इथं दुसऱ्यावर करून चालणार नाही.

तर मग काय?

तीन प्रश्नांची तीन उत्तरं वेगळी ठेवली की गुंता सुटतो. जातीच्या रकान्यात आपल्या राज्याच्या यादीत जे नाव आहे ते, आणि सगळ्या घरांनी एकसारखं. मातृभाषेच्या रकान्यात आई जे बोलली ते, मग तिला सरकार कुठल्या गटात टाकतं याची काळजी न करता. आणि मूळ? त्याला जनगणनेत रकानाच नाही. ते कुळाच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात, आजीच्या गोष्टीत राहू द्यावं. तिथं ते शोभतं.

“ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये,” असं जुनी माणसं म्हणायची. मुलताईच्या लोकांना हे सांगायला नको. त्यांच्याच पठारावरून तापी निघते आणि पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. तिथूनच वर्धा निघते आणि दक्षिणेला वळून शेवटी बंगालच्या उपसागराकडे जाते. उगम शेजारी, पाणी दोन दिशांना. धरण बांधताना मोजतात ते नदीत आज वाहणारं पाणी. सोनागिरीतल्या आजीची बोली हे असं आज वाहणारं पाणी आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा उत्तर द्यायला तिला पुढे बसवावं. तिला विचारून जे लिहिलं जाईल ते बरोबर असेल.